इंटरनेट टीव्ही घेताय? आधी रात्री नऊला लावून बघा

जुलैत पावसानं जोर धरला की कोल्हापुरात घरांवरच्या छत्र्या हात टेकतात. डीटीएचचा सिग्नल ज्या कू-बँडच्या लहरींवरून येतो, त्या मुसळधार पावसात क्षीण होतात. त्यात छत्रीचा काही दोष नसतो. ऐन मालिकेच्या वेळी पडद्यावर ‘सिग्नल नाही’ची पाटी आली की घरात विषय निघतो, ‘त्यापेक्षा नेटवरचा टीव्ही घेऊया की.’ नेमक्या त्याच दिवसांत गल्लीत पत्रकं पडतात आणि दुकानातला पोरगा सांगतो, ‘काकू, पाऊस येऊ दे, वारा येऊ दे, फायबरला काही होत नाही. शंभरचं स्पीड आहे, डोळे झाकून घ्या.’

डोळे उघडे ठेवूनच घ्या. फायबरच्या आतल्या सिग्नलला पावसाचा त्रास नाही हे खरं, पण नेटवरच्या टीव्हीची दुखणी वेगळी असतात आणि ती दुकानात दिसत नाहीत. दुकानात दिसतं ते दुकानाचं नेट, दुकानाचा टीव्ही आणि दुपारची निवांत वेळ. तुम्ही बघणार आहात तुमच्या घरात, तुमच्या टीव्हीवर, रात्री जेवणं चालू असताना. चाचणीही तिथंच आणि त्याच वेळी घ्यायची. कशी, ते क्रमानं सांगतो.

पायरी १ : नक्की काय विकत घेताय ते ओळखा

‘इंटरनेट टीव्ही’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे आयपीटीव्ही. नेट देणारी कंपनीच चॅनलही देते आणि ते तिच्या स्वतःच्या जाळ्यातून येतात, बाहेरच्या इंटरनेटवर फिरून येत नाहीत. त्यामुळे बाकीचं नेट रेंगाळत असलं तरी टीव्ही बहुधा नीट चालतो. बीएसएनएलनं ऑक्टोबर २०२४ मध्ये आयएफटीव्ही ही अशीच सेवा जाहीर केली, एअरटेलनं मार्च २०२५ मध्ये आयपीटीव्ही आणली. बीएसएनएलच्या सेवेत टीव्ही बघताना लागणारा डेटा नेटच्या कोट्यातून कापला जात नाही, हा तिचा चांगला गुण. तुमच्या पत्त्यावर कुठली सेवा मिळते हे कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून बघा, आणि साइटपेक्षा शेजाऱ्याच्या शब्दावर जास्त विश्वास ठेवा.

दुसरी म्हणजे अ‍ॅपवरची सेवा. जिओहॉटस्टार, झी५, सोनी लिव्ह अशी अ‍ॅप थेट घ्यायची किंवा नेटवाल्याच्या ‘इतके ओटीटी फुकट’ पॅकेजमधून घ्यायची. इथं चित्र बिघडलं तर दोष नेटचा असेल किंवा अ‍ॅपचा, आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. पुढच्या बऱ्याच चाचण्या हा तंटा तुमच्यापुरता सोडवण्यासाठी आहेत.

तिसरी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येते. ‘सगळे चॅनल, सगळे ओटीटी, वर्षाला हजार रुपये.’ सोबत एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप चढवायची फाइल) आणि कुणाच्या तरी खासगी नंबरचा यूपीआय कोड. ही चोरीची सेवा आहे. हिशेब साधा आहे: चॅनलच्या किंमती जाहीर असतात, आणि ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार पॅकेजमध्ये घालायच्या चॅनलची किंमत १९ रुपयांपर्यंत असू शकते. लोकप्रिय मराठी वाहिन्या, दोन-तीन क्रीडा वाहिन्या आणि चार ओटीटी मिळून महिन्याला ऐंशी-नव्वद रुपयांत कायदेशीर बसूच शकत नाहीत. शिवाय ते अ‍ॅप घालताना ‘अननोन सोर्सेस’ची परवानगी द्यायला लावतात. ज्या फोनवर तुमचं बँकेचं अ‍ॅप आहे त्यावर असली फाइल चढवणं म्हणजे किल्ली दारालाच ठेवून गावाला जाणं. ही सेवा तपासायच्या भानगडीत पडू नका. फायनलच्या दिवशी लिंक बंद पडते आणि दाद मागायला कुणी नसतं.

पायरी २ : चॅनलची यादी घरी तयार करा, त्यांची वाचू नका

‘चारशे चॅनल’ या आकड्याला काही अर्थ नाही. एका घरात खरोखर लागणारे चॅनल दहा-पंधरा असतात. कागद घ्या, घरातल्या प्रत्येकाला विचारा आणि लिहा. मग विक्रेत्याला प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी विचारा: आहे का, आणि एचडी आहे की एसडी? बऱ्याच पॅकेजांत हिंदी-इंग्रजी वाहिन्या एचडीत आणि मराठी एसडीत असतात. मोठ्या टीव्हीवर तो फरक पहिल्या दिवशीच डोळ्यांत खुपतो.

कोल्हापूरकरांसाठी इथं एक जास्तीचा प्रश्न आहे: स्थानिक केबलवरच्या बातम्या. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशारा रेषेकडे सरकायला लागली की मुंबईच्या वाहिन्यांवर चाळीस सेकंदांची बातमी येते. कुठला रस्ता बंद, कुठल्या गल्लीत पाणी, हे स्थानिक चॅनलच सांगतो. ४३ फूट ही धोक्याची पातळी ओलांडली की तर घरातली वडीलधारी मंडळी दुसरं काही लावूच देत नाहीत. शाहू स्टेडियमवरच्या लीगचे सामने, दसऱ्याचा सोहळा, जोतिबाची चैत्र यात्रा यांचंही तेच. हे चॅनल केबलवर सहज मिळतात, नेटवरच्या सेवेत असतीलच असं नाही. काही स्थानिक वाहिन्या यूट्यूबवर थेट दाखवतात, पण आजोबांना रिमोटवरून यूट्यूब उघडून शोधायला जमेल का, हेही चाचणीतच बघा. जमत नसेल तर काही महिने केबल चालू ठेवून दोन्ही वापरा, असं माझं मत आहे. खर्च वाढतो, पण घरात शांतता राहते.

पायरी ३ : नेट मोजा, तेही टीव्हीच्या जागेवरून

नवी जोडणी लागते तेव्हा माणूस राउटरशेजारी उभा राहून आपल्या मोबाइलवर स्पीड दाखवतो आणि सही घेतो. त्या आकड्याचा तुमच्या टीव्हीशी फारसा संबंध नाही. टीव्हीच्या ब्राउझरमध्ये फास्ट डॉट कॉम उघडा, किंवा टीव्हीवर स्पीड टेस्टचं अ‍ॅप टाका आणि तिथला आकडा बघा. टीव्ही अजून घ्यायचा असेल तर मोबाइल टीव्हीच्या जागेवर, अगदी भिंतीला टेकवून धरा.

किती हवं? नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतं. म्हणजे शंभरच्या प्लॅनवर फुशारकी मारायची गरज नाही आणि चाळीसच्या प्लॅनला नाक मुरडायची नाही. महत्त्वाचं आहे ते स्पीड टिकणं. पाच-सहा वेळा मोजून आकडा ३८, ४०, ३७, ३९ असा आला तर उत्तम. ९५, १२, ८०, ४ असा आला तर चित्र अडकणार, पत्रकावर शंभर लिहिलेलं असलं तरी.

टीव्हीपाशी आकडा पडत असेल तर बहुतेक वेळा दोषी असतं वायफाय. चांगले राउटर लहरींच्या दोन पट्ट्यांवर (बँडवर) चालतात: २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतो पण गर्दीचा, शेजारच्या सगळ्या राउटरांच्या कोलाहलात सापडलेला. ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतींपुढे लवकर हार मानणारा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झला जवळजवळ अडवूनच टाकतात. ताराबाई पार्कातल्या नव्या फ्लॅटमध्ये भिंती पातळ, पण एकाच मजल्यावर डझनभर राउटर. दोन्हीकडे खात्रीचा उपाय एकच: राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल. जोडणी करायला आलेल्या दादालाच सांगा, ‘तेवढी वायर टीव्हीपर्यंत ओढून द्या की.’ त्याच फेरीत काम झालं तर बरं, नंतर त्याला परत बोलावणं अवघड असतं. आणि राउटर दोन्ही पट्ट्यांचा आहे ना हे खोक्यावर वाचून घ्या. स्वस्त प्लॅनबरोबर अजूनही फक्त २.४ चे डबे खपवले जातात.

आणखी एक प्रश्न विचारा, ज्यानं विक्रेता थोडा सावध होतो: ‘फायबर घरात येणार, की खांबापर्यंत फायबर आणि पुढं साधी वायर?’ थेट घरापर्यंतच्या जोडणीत वाटेतल्या खांबांवर विजेवर चालणारं यंत्र नसतं. साध्या वायरच्या जोडणीत गल्लीत कुठंतरी एक स्विच, म्हणजे नेट वाटणारं विजेवरचं यंत्र, असतो, आणि तिथली लाइट गेली की तुमच्या घरात इन्व्हर्टर असूनही टीव्ही बंद.

पायरी ४ : रात्री नऊला बसा

आठ ते दहा ही खरी परीक्षेची वेळ. गल्लीतल्या सगळ्यांच्या घरी त्याच वेळी मालिका, रील आणि पोरांचे गेम चालू असतात, आणि गल्लीची लाइन सगळ्यांत वाटली जाते. दुपारी तीनला भारी चाललेली सेवा रात्री नऊला धापा टाकते ती यामुळं. चाचणीचा एक दिवस शनिवार किंवा रविवार धरा आणि एक दिवस भारताचा क्रिकेट सामना असेल तो. मोठ्या सामन्याला अ‍ॅपचे सर्व्हरही भरलेले असतात, त्यामुळं नेट आणि अ‍ॅप दोघांची एकदम कसोटी लागते.

चाचणी रिकाम्या घरात घेऊ नका. रोज जे चालतं ते सगळं चालू ठेवा: एका खोलीत मोबाइल, दुसरीकडे लॅपटॉपवर मीटिंग, दारावरचा कॅमेरा. दोन टीव्ही असतील तर दोन्ही लावा. काही सेवा एका खात्यावर एकाच वेळी एकच पडदा देतात, आणि ते समजतं सासूबाईंची मालिका मुलाच्या सामन्याला बंद पाडते तेव्हा.

पायरी ५ : चित्राकडे नीट बघा

इथं नवखा माणूस फसतो. तो फक्त ‘गोल फिरतंय का’ एवढंच बघतो. आजच्या सेवा नेट कमी पडलं की थांबत नाहीत, गुपचूप चित्राचा दर्जा खाली आणतात. मालिका चालू राहते, फक्त धूसर होते, आणि आपल्याला वाटतं चष्म्याचा नंबर वाढला. म्हणून पुढच्या गोष्टी मुद्दाम लावून बघा.

मराठी बातम्यांचं चॅनल लावा आणि खालून धावणारी पट्टी बघा. अक्षरं सरकताना कडा स्वच्छ हव्यात. कडांना कंगव्यासारखे दाते दिसले किंवा पट्टी हिसके देत सरकली, तर नेट नाही, सेटिंग चुकलेलं असण्याची शक्यता जास्त. आपल्याकडचं प्रक्षेपण ५० हर्ट्झच्या हिशेबानं होतं, तर बरेच डबे (सेट-टॉप बॉक्स) आणि स्टिक टीव्हीला ६० हर्ट्झचं चित्र पाठवतात. डब्याच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडा किंवा मूळ फ्रेम रेटशी जुळवण्याचा पर्याय चालू करा. फुकटात होणारी सुधारणा आहे, आणि विक्रेते ती कधीच सांगत नाहीत.

मग फुटबॉल लावा. कॅमेरा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो तेव्हा गवत बघा. गवताचा हिरवा लगदा होत असेल आणि पाठीवरचे नंबर वाचता येत नसतील, तर बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवलेली चित्राची माहिती, कमी आहे. हे स्पीड टेस्टमध्ये कधीच दिसत नाही, कारण सेवा देणाऱ्यानंच चॅनल दाबून पाठवलेला असतो. तुमचं नेट हजारचं केलं तरी तो सुधारणार नाही. क्रिकेटमध्ये हे एवढं कळत नाही, कॅमेरा बराच वेळ स्थिर असतो. त्यामुळं दुकानदार क्रिकेट दाखवतात. तुम्ही फुटबॉल किंवा कबड्डी मागा.

तिसरं, अंधाराचा प्रसंग. मालिकेत रात्रीचा वाडा, सिनेमात जंगल. काळ्या भागात चौकोनी ठिगळं सरकताना दिसली तर तेच दुखणं.

चौथं, ओठ आणि आवाज. निवेदकाचा चेहरा जवळून दिसेल असं काहीतरी लावून पाच मिनिटं बघा. आवाज मागं पडत असेल तर आधी साउंडबार काढून टीव्हीच्या स्पीकरवर ऐका. तिथं जुळत असेल तर सेवेचा दोष नाही, आवाजाचं सेटिंग बदलून काम होतं.

पाचवं, चॅनल बदलायला लागणारा वेळ. चांगल्या आयपीटीव्हीत एक-दोन सेकंदांत चॅनल येतो, अ‍ॅपमध्ये जास्त लागतात. जाहिरात लागली की पटापट दहा चॅनल फिरवणारं माणूस प्रत्येक घरात असतं. रिमोट त्याच्याच हातात द्या आणि त्याच्या तोंडाकडे बघा.

आणि शेवटी, उशीर. अ‍ॅपवरचं थेट प्रक्षेपण केबल किंवा डीटीएचपेक्षा वीस-चाळीस सेकंद मागं असू शकतं. मालिकेला काही फरक पडत नाही. पण कोल्हापुरात, जिथं वर्ल्डकप आला की गल्ल्यागल्ल्यांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, तिथं पलीकडच्या तालमीतून ‘गोल!’ अशी आरोळी आल्यावर आपल्या पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर असणं ही शिक्षा आहे. शेजारी केबल असेल तर दोन्हीकडे एकच सामना लावा आणि फोनवर बोलत फरक मोजा. आयपीटीव्हीत हे अंतर बहुधा कमी असतं.

हे सगळं बघताना चित्र बिघडलं तर लगेच त्याच टीव्हीवर यूट्यूब लावा, फोर-के किंवा फुल एचडी व्हिडिओ निवडा आणि प्लेअरच्या सेटिंगमधून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ चालू करा. तिथं कनेक्शनचं स्पीड आणि गळलेल्या फ्रेम दिसतात. यूट्यूब सुरळीत आणि सेवा अडकते, तर दोष बहुधा सेवेचा. दोन्ही अडकतात, तर आधी वायफाय आणि मग नेट. तक्रार करताना ‘चालत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘लॅनवर ४० मिळतंय, यूट्यूब चालतंय, तुमचा चॅनल अडकतोय’ म्हटलं की पलीकडचा माणूस ‘राउटर बंद करून चालू करा’ हे पालुपद सोडतो.

पायरी ६ : डबा कसला आहे

सशुल्क अ‍ॅप चित्राला कुलूप लावून पाठवतात. त्याची किल्ली, वाइडवाइन एल-वन, डब्यात नसेल तर नेटफ्लिक्स, प्राइमसारखी अ‍ॅप साध्या एसडीवर थांबतात, तुम्ही प्लॅन कुठलाही घ्या. लक्ष्मीपुरीत किंवा ऑनलाइन मिळणारे बिननावाचे स्वस्त अँड्रॉइड डबे बहुतेक याच जातीचे. डीआरएम इन्फो नावाचं फुकट अ‍ॅप टाकून एल-वन आहे की एल-थ्री ते दोन मिनिटांत कळतं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं अशाच स्वस्त डब्यांत आधीपासून घुसवलेल्या बॅडबॉक्स २.० या घातक सॉफ्टवेअरबद्दल इशारा दिला होता. नावाजलेल्या कंपनीची स्टिक किंवा सेवेनं दिलेला डबा, एवढंच घ्या.

पायरी ७ : लाइट घालवून बघा

मेन स्विच नको, फक्त राउटरचा प्लग काढा, पुन्हा लावा आणि टीव्हीवर चॅनल परत यायला किती वेळ लागतो ते बघा. राउटर आणि फायबरच्या डब्याला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. पावसाळ्यात तो कामाला येतो. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लुकलुकला तर वायर कुठंतरी तुटली आहे, घरात काही करून उपयोग नाही, थेट फोन लावा. जोडून किती वेळात देतात, हे आधीचे ग्राहकच खरं सांगतील. पावसाळ्यात आणि गणपतीच्या मिरवणुकीच्या दिवसांत खांबावरच्या वायरींचं काय होतं, हे त्यांना नक्की विचारा.

पायरी ८ : पैसे

पहिल्यांदा फक्त एक महिना घ्या. वर्षाचा प्लॅन ‘दोन महिने फुकट’ म्हणून गळ्यात मारतात, पण चाचणीत न दिसलेली दुखणी पहिल्या महिन्यात दिसतात, आणि भरलेले पैसे परत मिळवायला वर्ष जातं.

पत्रकावरच्या किंमतीत १८ टक्के जीएसटी बहुधा नसतो: ४९९ चा प्लॅन ५८९ ला पडतो, ९९९ चा ११७९ ला. जोडणीचे पैसे, डब्याची अनामत आणि ती परत कधी मिळणार, हे पावतीवर लिहून घ्या. जीएसटीची पावती द्यायला कां-कू करणाऱ्याकडून घेऊच नका.

डेटाची मर्यादाही विचारा. एचडीला तासाला साधारण ३ जीबी जातो, फोर-केला ७. रोज पाच तास एचडी म्हणजे महिन्याला ४५० जीबी. घरगुती फायबरच्या बऱ्याच ‘अमर्याद’ प्लॅनमध्ये मर्यादा ३३०० जीबीच्या आसपास असते, तिथं प्रश्न नाही. बिनतारी एअरफायबरच्या प्लॅनमध्ये ती बऱ्याचदा १००० जीबी असते. दोन टीव्ही आणि फोर-के असेल तर महिनाअखेरीला वेग पडू शकतो. मोबाइलच्या रोज २ जीबीवर टीव्ही बघायचा विचार करत असाल तर तो एका तासाच्या आत संपेल.

फुकट चाचणीसाठी ‘ऑटोपे’ मागितला तर द्यायला हरकत नाही, पण त्याच दिवशी यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेचा भाग उघडून तो मँडेट (पैसे आपोआप कापायची परवानगी) कुठं दिसतो आणि कसा रद्द होतो ते बघून ठेवा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना आली पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.

सेवा नको असेल तर फोनवर सांगून थांबू नका. अ‍ॅपवरून किंवा ईमेलनं बंद करायला सांगा, तक्रार क्रमांक घ्या, डबा परत करताना त्याच्या सिरियल नंबरसह पोच घ्या आणि मग मँडेट रद्द करा. तरीही अनामत अडकली तर आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी जा, तिथं दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कुणी फसवून पैसे नेले असतील तर मात्र वाट बघू नका, १९३० वर त्याच तासाला फोन करा.